आधी चिंचेचं, मग नाल्याचं

लहानपणी मी एवढे प्रश्न विचारायची की आई वैतागून म्हणायची, "जाय वं, भाएर जाऊन इचार कोणाले, मले सयपाक करू दे." आता त्याच खोडीचा मला पगार मिळतो. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी केनवडजवळच्या आमच्या गावातून काम करते. गच्चीवर एक पत्र्याची खोली आहे, तिथे नेट चांगलं लागतं. घरात खाली सगळ्यांना एवढंच माहीत असतं की ही वर बसून कॉम्प्युटरशी भांडते, आणि ते काही अगदीच खोटं नाही.

तुम्ही फोनवर एखादं बटण दाबता तेव्हा तुमचा फोन दूर कुठे तरी असलेल्या मोठ्या कॉम्प्युटरला काही तरी विचारतो आणि तिकडून उत्तर येतं. बटण सगळ्यांना दिसतं, मागची विचारपूस कोणालाच दिसत नाही. त्या विचारपुशीच्या जागेला आमच्या धंद्यात एपीआय म्हणतात. एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी असते तसंच समजा. मी त्या खिडकीशी उभी राहते आणि विचारत सुटते. मेहकरची गाडी कधी? कालची गाडी कधी? नसलेल्या गावाची गाडी कधी? आतला कॉम्प्युटर गडबडला की मला आनंद होतो. खराखुरा, टाळी वाजवावी असा आनंद होतो. ज्यानं ते बांधलेलं असतं त्याला होत नाही, तो भाग वेगळा.

अर्थात तोंडानं मी काही विचारत नाही. प्रश्न एकदा लिहून ठेवायचे, मग एक प्रोग्राम ते न थकता, न चिडता, म्हणाल तितक्या वेळा विचारतो. उत्तर हवं तसं आलं तर हिरवं, नाही तर लाल. आणि यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट अशी की हे प्रश्न साध्या वाक्यांत लिहिता येतात. अमुक असेल, आणि तमुक घडलं, तर असं व्हायला पाहिजे, बस. प्रत्येक वाक्याच्या मागे थोडा कोड बांधून ठेवला की पुढे ते वाक्यच कामाला लागतं. कंपनीत आम्ही ही वाक्यं इंग्रजीत लिहितो. एका दुपारी सहज चाळताना मला दिसलं की त्या प्रोग्रामला मराठीही येतं! 'जर', 'जेव्हा', 'तेव्हा', 'आणि', 'पण' हे शब्द त्याच्यात आधीपासून होते. जगाच्या पाठीवर कोणी तरी, कुठे तरी बसून, कोणी न मागता, आपले हे शब्द त्याला शिकवून ठेवले होते. मी खुर्चीवरून उठले आणि जिन्यातूनच वहिनीला हाका मारायला लागले.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ ट्रक चालवतो, महिन्यातले थोडेच दिवस घरी असतो. शेत वहिनी बघते. पेरणी, डवरणी, फवारणी, मजूर, बाजार, सगळं. ती हातातलं पीठ तसंच घेऊन वर आली, घाबरलेली. मी तिला स्क्रीन दाखवली. तिनं वाचलं, मान हलवली आणि म्हणाली, "ताई, मंग आपल्या मशीनचं याच्यातच लिहा ना. मले वाचता येईन असं."

मशीन म्हणजे हार्वेस्टर. गावात शेतकऱ्यांचा एक गट आहे, त्या गटानं मिळून घेतलेला. सोयाबीन वाळलं की सगळ्यांना तो एकाच आठवड्यात हवा असतो, कारण वाळलेलं सोयाबीन कोणासाठी थांबत नाही. ऊन कडक पडलं की शेंगा तडकतात आणि दाणे जमिनीवर. म्हणून नंबर लागतात. हे नंबर आमचे एक चुलत काका ठरवत. वहिनीचे ते चुलत सासरे, ती त्यांना मामाजी म्हणते. काका वाईट माणूस नाही. उलट गावातलं कोणतं वावर कधी वाळेल हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण सगळं त्यांच्या डोक्यात, आणि त्या डोक्यात बायांच्या फोनला जागा नव्हती. कोणा बाईनं फोन केला की ते म्हणत, "घरी कोणी माणूस नाई का? त्याले फोन कराले सांग." आता माणूस गावात असता तर बाईनं कशाला फोन केला असता? आमच्याकडे पेरणी आटोपली की कित्येक घरांतले पुरुष कामाला बाहेर जातात. राहतात त्या बाया आणि त्यांची उभी पिकं.

मागच्या साली वहिनीचा नंबर आज, उद्या करत शेवटी गेला. मशीन आलं तेव्हा अर्धं सोयाबीन मातीत होतं. वहिनी खाली बसून ओंजळीनं दाणे गोळा करत होती आणि मी तिला उठवत होते. मला त्या दिवशी काकांचा एवढा राग आला होता की समोर असते तर मी काय बोलले असते देव जाणे. वहिनी मात्र घरी आली, चहा केला आणि म्हणाली, "पुढच्या साली नंबर फोनवर लागतीन. ज्यानं लावला त्याचा. बाई असो का माणूस."

आणि तिनं ते नुसतं म्हटलं नाही. गटाच्या बायांना एक केलं, मला कामाला लावलं. माझा पुण्यातला एक मित्र माझ्याच कंपनीत मागची बाजू बांधायचं काम करतो. त्यानं सुट्टीच्या दिवशी हौसेनं हे बांधून दिलं. तुम्ही फोनवर आपलं वावर निवडायचं, नंबर लावायचा, तो लगेच दिसणार. गट म्हणाला, दसऱ्याच्या आधी बैठक घेऊ, तिथे चालवून दाखवा. पटलं तर या साली नंबर सूनबाईकडे, म्हणजे वहिनीकडे, नाही पटलं तर आहे ते बरं आहे. म्हणजे काकांकडे. आणि एकदा बैठकीत हसं झालं असतं तर वहिनीला पुन्हा तोंड उघडायची संधी मिळाली नसती, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

तर मी लिहायला बसले. काय सुख होतं ते! आयुष्यात पहिल्यांदा माझं काम माझ्या घरातल्या माणसाला वाचता येत होतं. भाकरी झाल्या की वहिनी ओट्यावर येऊन बसायची, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन वाचायची आणि ती मधे मधे टोकायची.

"जर शेत क्रमांक एकचा नंबर सोमवारी लागला असेल..."

"हे एक नंबरचं वावर कोणाचं?"

"कोणाचंच नाही वहिनी. उदाहरण आहे."

"कोणाचंच नाई तं मले कसं समजन, बराबर हाय का चूक?"

मी चिडले. म्हटलं, आमच्या धंद्यात असंच लिहितात. एक, दोन, अ, ब. ती म्हणाली, "तुमच्या धंद्यात लिहा. आमच्या गावात अ नावाचं वावर नाई."

बरोबरच होतं तिचं. आमच्याकडे प्रत्येक वावराला नाव आहे. सातबाऱ्यावरचा गट नंबर कोणाला आठवत नाही, पण चिंचेचं, आंब्याचं, खारीचं, टेकडीचं म्हटलं की पोरासोरांनाही कळतं. मी कुरकुरत एक आणि दोन पुसले आणि हाताला आली ती नावं टाकली. मग चालवलं. हिरवं! मी मोठ्यानं, जरा मिरवतच वाचायला लागले.

"जर नाल्याच्या वावराचा नंबर सोमवारी लागला असेल, आणि चिंचेच्या वावराचा नंबर मंगळवारी लागला असेल, जेव्हा मशीन गावात येतं, तेव्हा पहिला नंबर नाल्याच्या वावराचा..."

माझा आवाज तिथेच थांबला. मी डोळ्यांसमोर ती दोन्ही वावरं बघत होते. पांदणीला, म्हणजे गाडीवाटेला लागून काकांचं चिंचेचं वावर. त्याच्या मागे, थेट नाल्यापर्यंत, नाल्याचं वावर. बाजूंनी दुसऱ्यांचे धुरे, म्हणजे बांध, मागे नाला. माणूस धुऱ्यावरून चालत जाईल, बैलही जाईल, पण एवढं धूड हार्वेस्टर? त्याला चिंचेच्या वावरातूनच जावं लागणार, आणि तिथे तर सोयाबीन उभं!

मी वहिनीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. मग तिनं कपाळावर हात मारला आणि आम्ही दोघी अशा हसत सुटलो की आई आतून विचारायला आली, काय झालं. "आई, हार्वेस्टर उडून जाणार हाय आपला!" वहिनी डोळे पुसत म्हणाली.

नियम वहिनीनं सांगितला होता, मी लिहिला होता, मित्रानं बांधला होता. आधी ज्याचा नंबर, आधी त्याचं वावर. तिघांनाही तो न्यायाचा वाटला होता, आणि कागदावर होताही. मी त्या धुऱ्यावरून हजार वेळा गेलेली, वहिनी रोज जाते. आणि तरी आम्हाला सुचलं नाही, कारण आतल्या वावराच्या आधी पांदणीवरचं वावर निघतं ही गोष्ट आमच्याकडे कोणी कोणाला सांगतच नाही. ती सांगायची गोष्टच नाही. वहिनीच्या डोक्यात मागच्या सालचा राग होता, नंबर म्हणजे नंबर. माझ्या डोक्यात एक आणि दोन होते. एक आणि दोन यांच्यामध्ये धुरा नसतो.

हसू ओसरल्यावर वहिनीचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे ताई, मामाजीचंच बराबर होतं का मंग? त्यायनं मले मागं ठेवलं ते याच्याचसाठी?"

"तुझं वावर तर पांदणीलाच आहे," मी म्हणाले. "तुझ्यापुढे कोण होतं?"

तिनं जरा विचार केला. "कोणीच नोतं," ती म्हणाली, आणि पुन्हा ताठ बसली.

मी तिथल्या तिथे शेवटचं वाक्य बदललं. तेव्हा पहिला नंबर चिंचेच्या वावराचा असतो, आणि दुसरा नाल्याच्या वावराचा असतो. चालवलं. लालभडक! कारण आमच्या कॉम्प्युटरला अजून धुरा माहीत नव्हता. वहिनी दचकली, बिघडलं का म्हणाली. मी तिला मिठीच मारली. "बिघडलं नाही, सापडलं! बैठकीच्या आधी सापडलं!" तिला माझ्या डोक्याची काळजी वाटली असावी.

मित्राला फोन केला. मला वाटलं आता याला पांदण समजावण्यात संध्याकाळ जाणार. पण तो उसाच्या मुलखातला. मी दोन वाक्यं बोलले नाही तोच ओरडला, "अगं, आमच्याकडं ऊसतोडीला हेच असतंय! आतल्या उसाची गाडी बाहेरच्याच्या फडातनंच निघती. माझ्या कसं ध्यानात आलं नाही?" मग आम्ही दोघं फोनवर एकमेकांच्या वर आवाज चढवून बोलत राहिलो. प्रत्येक वावराला त्याच्या पुढचं वावर कोणतं हे सांगायचं. आतल्याचा नंबर लागला की पुढच्याला ओढून आधी आणायचं. पुढच्याच्याही पुढे आणखी एक असेल तर? त्यालाही ओढायचं! मी वाक्यं लिहीत होते, तो बांधत होता, लालचं हिरवं होत होतं, आणि वहिनी गावात फिरून कोणाच्या पुढे कोणाचं वावर आहे हे विचारून येत होती. त्या दिवसांत मला कंपनीच्या कामात मनच लागत नव्हतं.

पोळा होऊन गेला आणि बैठकीचा दिवस आला. समाजमंदिरात सतरंज्या टाकल्या होत्या. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, काका खांबाला टेकून मधे. वहिनी डोक्यावर पदर घेऊन बायांत बसली. मामाजींच्या समोर ती मोठ्यानं बोलत नाही, ते आमच्याकडे अजून आहे. त्यामुळे बोलायचं मला होतं. मी लॅपटॉप केनवडहून आणलेल्या भाड्याच्या टीव्हीला जोडला आणि वाक्यं पडद्यावर टाकली.

वाटलं होतं, लोक कंटाळतील. कुठलं काय! आपापल्या वावराचं नाव पडद्यावर दिसताच माणसं पुढे सरकली. मी एकेक वाक्य वाचायची, चालवायची, हिरवं झालं की कोणी तरी "व्वा" म्हणायचं. आणि मग सुरू झालं.

"पाणी आलं तं?"

मी टाइप केलं. जेव्हा पाऊस पडतो, तेव्हा मशीन थांबतं, पण कोणाचा नंबर जात नाही.

"ज्याच्या सोयाबीनात तूर हाय त्याचं काय? त्याच्यात मशीन नाई घालता येत."

तेही लिहिलं. मागे अजून काही बांधलेलं नसल्यामुळे ही नवी वाक्यं पिवळी दिसत होती. मी सांगितलं, पिवळं म्हणजे कॉम्प्युटरला वाक्य ऐकू आलं पण समजलं नाही. "आमच्या जावयासारखं," मागून एक आजी म्हणाल्या, आणि सगळं समाजमंदिर हसलं. माझी बोटं भराभर चालत होती, कान तापले होते. माणसं एवढ्या उत्साहानं माझ्या कामात चुका काढत होती की मला सगळ्यांचे पाय धरावेसे वाटत होते. कंपनीत यासाठी बैठकांवर बैठका होतात आणि कोणी तोंड उघडत नाही.

तेवढ्यात काका बोलले. ते मोठ्यानं बोलत नाहीत, पण ते बोलले की बाकीचे थांबतात.

"पोरी, तुहं चिंचेचं आन् नाल्याचं वाचलं मी. आतल्यानं नंबर लावला की माहं आदी. बराबर हाय. पण मी नंबर लावलाच नाई तं?"

मी ती ओळ पडद्यावर पुन्हा वर आणली.

"मी या साली मशीन घालतच नाई. मजूर लावून इळ्यानं सोंगतो. माह्या मनानं, सावकाश. मंग?"

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. नाल्याचं वावर ज्या बाईचं आहे ती बायांच्या शेवटच्या रांगेत बसली होती. तिचा नवरा जऊळक्याहून रेल्वेनं हैदराबादला बांधकामावर गेलेला. बायांनी बैठकीआधीच फोनवर नंबर लावून ठेवले होते, आणि त्यात वहिनीच्याही आधी तिचा होता, सगळ्या गावात पहिला. ती उभी राहिली. "मंग माहं सोयाबीन वावरातच राह्यलं म्हणा," ती म्हणाली.

काकांचा प्रश्न कुचका होता का? मला त्या क्षणी तसंच वाटलं. पण माझ्यातली खोडकर पोरगी मात्र आतून उड्या मारत होती, कारण प्रश्न जबरदस्त होता. मला तो सुचायला हवा होता! अख्खी व्यवस्था एका माणसाच्या 'नाही'वर अडत होती, आणि हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं.

"वाट देतेत," कोणी तरी म्हणालं. "आतल्याचं आलं की भाएरचा धुऱ्याच्या कडेनं मशीनपुरता पट्टा सोंगू देते. आतल्यानं आपले मजूर लावाचे, सोंगाचं, आन् त्याचा माल त्याच्या वावरात गंजी लावून द्याचा. आपल्या इथं असंच हाय पयल्यापासून."

मी लिहिलं आणि वाचलं. "जर चिंचेच्या वावराचा नंबर लागलेला नसेल, जेव्हा नाल्याच्या वावराचा नंबर येतो, तेव्हा चिंचेच्या वावराला वाट मागितली जाते."

"आन् त्यानं नाई म्हटलं तं?" हे नाल्याच्या वावराच्या बाईनंच विचारलं. ती अजून उभीच होती.

मी पुढची ओळ लिहिली. जेव्हा चिंचेच्या वावराकडून वाट मिळत नाही, तेव्हा. आणि हात थांबले. पडद्यावर ते 'तेव्हा' तसंच उघडं राहिलं. पुढे काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. पुण्याच्या मित्राला फोन करून उपयोग नव्हता, कारण हे काही कॉम्प्युटरचं उत्तर नव्हतं. अख्खं गाव काकांकडे बघत होतं. वहिनी पदराआडून खाली सतरंजीकडे बघत होती. तिचं सगळं त्या एका शब्दापुढे येऊन थांबलं होतं.

काका पडद्याकडे बघत बसले. त्यांना वाचता चांगलं येतं. ती ओळ त्यांच्या वावराच्या नावानं लिहिलेली होती, आणि ती त्यांच्या वावराचं नाव घेऊन अर्धवट लटकत होती. मला वाटलं, आता उठून जातील.

"नाई म्हणाची रीत नाई आपल्या इथं," ते शेवटी म्हणाले.

"पण म्हटलं तर?" मी म्हणाले. मला राहवलंच नाही. माझं कामच ते.

"म्हटलं तं..." खांबाला टेकलेली पाठ त्यांनी सरळ केली. "म्हटलं तं त्याले पुढच्या साली मशीन नाई. आन् हे माह्यावर बी लागू. लिहून टाक."

मी वहिनीकडे पाहिलं. "लिहा ताई," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मी लिहिलं, आणि कोणी न सांगता सगळ्या समाजमंदिरानं ते वाक्य एकदम मोठ्यानं वाचलं. मला हसूही येत होतं आणि रडूही.

या साली नंबर सूनबाई पाहील, असं ठरलं. पण ठरणं वेगळं आणि होणं वेगळं. आठवडाभर मी आणि मित्र पिवळ्याचं हिरवं करत बसलो, आणि वहिनी रोज विचारत होती, "मामाजीनं नंबर लावला का?" नव्हता लावला. सगळ्यांचे लागले, त्यांचा नाही. सोयाबीन वाळत चाललं होतं, मजूर मिळायची मारामार होती, आणि चिंचेचं वावर तसंच उभं. वहिनीनं त्यांना वाट मागण्याचा निरोप अजून पाठवला नव्हता. तिची हिंमत होत नव्हती. बैठकीत बोललेलं माणूस वावरात विसरू शकतं.

मशीन यायच्या आदल्या सकाळी तिचा फोन वाजला. काका. आजवर त्यांनी तिला कधी फोन केला नव्हता. निरोप असला तर आईकडे, नाही तर माझ्याकडे. वहिनीनं फोन कानाला लावायच्या आधी पदर डोक्यावर घेतला.

"सूनबाई, मजूर भेटून नाई राह्यले. माहा नंबर लाव. मले ते फोनवरचं नाई जमत."

"लावतो मामाजी."

"कवा येईन माहा? आता पार शेवटी ना?"

वहिनीनं फोन माझ्याकडे धरला, मी नंबर लावला, आणि आम्ही दोघी उत्तराची वाट बघू लागलो. तो क्षणभराचा वेळ मला मोठा लांब वाटला. मग आलं. वहिनीनं दोनदा वाचलं.

"नाई मामाजी. उद्या सकाळी. पयला तुमचा."

"माहा कसा पयला? मी तं आज लावून राह्यलो."

"तुमच्या मागच्या बाईनं पयले लावला हाय. तिच्याकडे मशीनले तुमच्यातूनच जा लागते. म्हणून तुमचं आदी."

"बरं," काका म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. चिंचेच्या वावरात मशीन घरघरत होतं, धूळ उडत होती, आणि नाल्याच्या वावराची बाई धुऱ्यावर उभी राहून हळूहळू मोकळं होत जाणारं रान बघत होती. शेवटचा पट्टा निघाला तसं मशीन वळलं. ड्रायव्हर बाहेरगावचा, दर साली येणारा. त्यानं सवयीनं काकांकडे बघून हात केला आणि ओरडून विचारलं, "आता कुठं घेऊ?"

काका चिंचेखाली उभे होते. त्यांनी हातानंच वहिनीकडे दाखवलं.

"मले काय इचारतं बे? तिले इचार."

वहिनी माझ्या शेजारी होती. तिनं फोनकडे बघितलं नाही. पदर सावरला आणि मामाजींच्या समोर, मशीनच्या आवाजाच्या वर आवाज काढून ती ओरडली, "नाल्याचं! सरळ जाऊ द्या!"